इंदूअक्कांची बिनगर्दीची वाट

माझ्या मुलीच्या लग्नाला इंदूअक्का आदल्या दिवशी येऊन गेल्या. कार्यालयात आचारी लाडू वळत होते, मांडववाले शिडीवर होते आणि नवरी डोक्याला तेल थापून कोपऱ्यात फोनवर बोलत बसली होती. अक्कांनी तिच्या हातात पाकीट दिलं, डोक्यावर चार अक्षता टाकल्या, आचाऱ्याकडून दोन लाडू मागून खाल्ले आणि "छान झालं हो लग्न" असं मला सांगून निघाल्या. मी म्हटलं, "अक्का, लग्न उद्या आहे." त्या म्हणाल्या, "उद्या गर्दी असते बघा."

धारवाडात, मळमड्डीत, आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. एकतीस वर्षं त्यांनी शाळेत भूगोल शिकवला. माझी बायको शालन त्यांची विद्यार्थिनी. ती अजून त्यांना 'बाई' म्हणते आणि त्या समोर आल्या की आवाज खाली आणते. बाकी गल्लीच्या त्या अक्का. एकट्या राहतात. लग्न केलं नाही. कारण विचारायची हिंमत गल्लीत कुणाला झाली नाही, पण तिथेही गर्दीच नडली असावी असा माझा आपला तर्क आहे. मी वकील आहे, पुराव्याशिवाय तर्क करायची मला सवय आहे.

देवळात त्या दुपारी दोनला जातात. देव आत, दार बंद, या बाहेर पायरीवर. "नीट बोलता येतं," म्हणतात. गणपती बघायचे ते मूर्तिकाराच्या शेडमध्ये, रंग ओले असताना. दहावीच्या निकालाच्या दिवशी सुभाष रोडवर पेढ्यांना रांग लागते, म्हणून पेढे आदल्या दिवशीच आणून ठेवायचे. निकाल लागला की गल्लीतल्या पास झालेल्यांना द्यायचे आणि नापास झालेल्यांनाही. "आणून ठेवलेत ना, मग आता परत कुठे करायचे," हे त्यांचं त्यावरचं स्पष्टीकरण.

अशा या अक्कांनी निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी आमच्या कट्ट्यावर बसून जाहीर केलं की, "मी हिमालयात जाते."

"केदारनाथ?" मी विचारलं.

"तिथं सगळी मळमड्डी भेटेल मला."

त्यांनी शोधून काढला होता नेपाळमधला पिके नावाचा डोंगर. उंची चार हजार मीटरच्या किंचित वर, पाच दिवसांची चाल, आणि माथ्यावरून थेट एव्हरेस्ट दिसतं. एव्हरेस्टच्या पायथ्याशी जाणारी जी प्रसिद्ध वाट आहे तिच्यावर माणसांना माणसं अडतात, ती नको. शिवाय तंबू वाहायला नको, कारण वाटेत टीहाऊस असतात. मला वाटलं चहाची टपरी. अक्कांनी माझं अज्ञान तिथल्या तिथे दुरुस्त केलं. टीहाऊस म्हणजे डोंगरातल्या एखाद्या बाईचं घर. खाली चूल, वर दोन-चार खोल्या, गरम वरणभात आणि जाड पांघरूण. "माझा उजवा गुडघा त्रेसष्टचा आहे आणि डावा सत्तरचा," त्या म्हणाल्या. "दोघांना झेपेल असा हाच एक ट्रेक."

मग जे नियोजन सुरू झालं, ते अख्ख्या गल्लीने बघितलं. जेवणाच्या टेबलावर अक्कांनी कागदाच्या लगद्याचा डोंगर रचला. तीन महिन्यांची वर्तमानपत्रं आमच्या घरून गेली. दऱ्या खोदल्या, नद्यांना नीळ दिली आणि टीहाऊसच्या जागी काडेपेट्या चिकटवल्या. डोंगर टेबलभर पसरल्यामुळे त्या चार महिने खिडकीत ताट ठेवून उभ्यानेच जेवत होत्या.

वाटाड्या पासांगची फोनवरची उलटतपासणी तर मी स्वतः ऐकली आहे. इतकी वर्षं कोर्टात उभा आहे, पण अशी मला जमली नाही.

"उस दिन रास्ते पे कितने लोग होंगे?"

"दीदी, दो-चार."

"दो या चार?"

शेवटी पासांगने तुळशीच्या लग्नानंतरचे दिवस सुचवले. थंडी कडक, आकाश स्वच्छ आणि माणूस नाही. अक्कांनी ते वहीत लिहून खाली रेघ मारली.

सरावही तसाच. पहाटे सगळी मळमड्डी फिरायला निघते, म्हणून अक्का निघायच्या भर दुपारी. अंगात स्वेटर, डोक्याला लोकरी टोपी, पायात नवे बूट आणि पाठीवरच्या सॅकमध्ये सहा किलो ज्वारी. सुभाष रोडपर्यंत जाऊन परत. सॅकची शिवण एका कोपऱ्यात उसवली होती, त्यातून दाणे गळत. दोन दुकानदारांनी गंभीरपणे विचारलं, "ज्वारी कशी दिली, अक्का?" अक्कांनी एकाला भाव सांगितला म्हणे, तोही बरोबर.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण माणसाचा जन्माचा धंदा सुटत नाही. घरी कुणीही आलं, दूधवाला असो की वीजमीटर बघणारा, अक्का त्याला टेबलाजवळ उभा करून पट्टीने डोंगर शिकवू लागल्या. इथे ऱ्होडोडेंड्रॉनचं जंगल, इथे याकांचा गोठा, इथे या काडेपेटीत आपण झोपायचं. एकतीस वर्षांची तयारी, ऐकणाऱ्याला दम लागायचा आणि थंडीही वाजायची. जिथे गर्दी नसते त्या वाटेचं त्यांनी इतकं सुरेख वर्णन केलं की दोन महिन्यांत तिथे जायला अकरा माणसं तयार झाली.

पहिले बसण्णा. सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, समोरच्या घरात राहणारे, आवाज ध्वनिक्षेपकासारखा. त्यांनी 'मळमड्डी ते हिमालय' नावाचा ग्रुप काढला. त्यावर चर्चा सुरू झाली. शेंगाचटणी किती किलो न्यायची. कडक भाकरी विमानात चालते का. आचारी धारवाडचा न्यावा की तिथला पाहावा. अकरावा मी. सांगायला लाज वाटते, पण माझं वजन तेव्हा ब्याण्णव होतं.

अक्का ग्रुपवर एक शब्द लिहीत नव्हत्या. नाही म्हणणं त्यांना जमत नव्हतं. शिकायला आलेल्याला परत कसं पाठवायचं, हे त्यांना कधी कुणी शिकवलंच नव्हतं. शेवटी त्यांनी शिक्षकाचा हुकमी मार्ग काढला. परीक्षा. पुढच्या रविवारी गावाबाहेरच्या टेकडीवर पाठीवर सहा किलो घेऊन चढायचं. जो वर पोचेल तो पास.

त्यांचा हिशोब होता की सगळे नापास होतील. झालं उलटं. बसण्णा तर सर्वांच्या पुढे, वर जाऊन ओरडत होते, "अक्का, बर्री, लगू बर्री, लवकर या, हुबळीपर्यंत दिसतंय." एकामागून एक दहा जण माथ्यावर पोचले. मी मात्र तीन चतुर्थांश वाटेवर एका दगडावर बसलो तो बसलोच. छाती भात्यासारखी चालली होती.

अक्का माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांना दम लागलेला नव्हता. माथा तिथून शंभर पावलं असेल नसेल.

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हटलं.

"असू दे. मागे माणूस ठेवून मी पुढे जात नाही."

"अहो, परीक्षा तुमचीच आहे."

त्यांनी चिवड्याचा डबा उघडून माझ्यापुढे धरला. वरून हाका येत राहिल्या. अक्कांनी एकदाही वर पाहिलं नाही. लोक खाली उतरले, तेव्हा आम्ही दोघं उठून त्यांच्यात मिसळलो.

घरी आल्यावर मी हे हसत हसत शालनला सांगितलं. ती हसली नाही.

"आठवीच्या सहलीत दगडावर बसलेली मी होते," ती म्हणाली. "किल्ला चढत होतो. माझे पाय सोललेले. सगळ्या मुली दुसऱ्या बाईंबरोबर वर गेल्या आणि या माझ्याजवळ थांबल्या. मी रडायला लागले, तर काडीने मातीत वरून दिसणारं सगळं काढून दाखवलं. इथे नदी दिसते, इथे घाट, इथे धारवाड. मला वाटलं होतं माझ्यामुळे त्यांचा एवढा एक किल्ला हुकला. मग कळलं, दरवर्षी कुणीतरी बसतंच. एकतीस सहली झाल्या, बाईंनी एकाही डोंगराचा माथा पाहिलेला नाही."

या बाईला माणसांचा कंटाळा आहे असं आम्ही सगळे इतकी वर्षं समजत होतो. खरं म्हणजे दहा माणसं बरोबर असली की त्यांतलं एक मागे पडणार आणि या त्याच्यापाशी थांबणार, हे त्यांना स्वतःबद्दल पक्कं ठाऊक होतं. जन्मात एकदा माथा गाठायचा, तर मागे कुणी नसेल अशीच वाट त्यांना हवी होती. आणि आम्ही अकरा जण चटणी घेऊन त्या वाटेवर उभे होतो. त्यातला मागे पडणारा मी तर आधीच ठरलेला होता. मला स्वतःची फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दहा घरं फिरलो. प्रत्येक घरी हीच केस मांडली आणि प्रत्येक घरी जिंकलो. बसण्णांनी मोठ्या आवाजात दोनदा नाही म्हटलं, मग लहान आवाजात "हौद्री, खरं आहे, तिनं एकटीनं जावं" म्हणाले आणि ग्रुप बंद केला. माझ्या उभ्या वकिलीत याच केसचा मला अभिमान आहे, तिची फाइल नसली तरी.

ठरल्याप्रमाणे सगळ्यांनी अक्कांना आपापली अडचण कळवली. तासाभरात अक्का आमच्या दारात.

"दहापैकी सहा जणांचा गुडघा एकाच दिवशी दुखतो," त्या म्हणाल्या. "उरलेल्या चौघांच्या घरी एकाच तारखेला मुंज. वकीलसाहेब, ही उत्तरं एकमेकांचं बघून लिहिलेली आहेत. पहिला पेपर कुणाचा?"

मी कबूल केलं. शालनने काय सांगितलं तेही सांगितलं. अक्का शालनकडे बघत राहिल्या. शालन, पन्नाशीला आलेली बाई, जमिनीकडे बघत होती.

"बरं," अक्का म्हणाल्या. एवढंच. पण जाताना त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

तुळशीचं लग्न आटोपल्यावर तिसऱ्या दिवशी त्या निघाल्या. कुणी स्टेशनवर यायचं नाही अशी ताकीद होती, म्हणून आम्ही सगळे आपापल्या दारात उभे राहिलो. रिक्षा वळेपर्यंत बसण्णा हात हलवत होते. पुढचे दिवस गल्लीत कुणाला सुधरेना. मी रोज त्यांच्या टेबलावरच्या डोंगरापाशी जाऊन, आज त्या कुठल्या काडेपेटीत असतील ते बघून यायचो. किल्ली शालनकडे होती.

चढाईच्या चौथ्या दिवशी सकाळी सव्वासहाला फोन वाजला. पासांगचा नंबर.

"वकीलसाहेब, मी वर आहे." आवाजाला वारा लागत होता. "इथे साडेसहा वाजलेत. तुमच्यापेक्षा पाव तास पुढे."

"एकट्याच?"

"मी आणि पासांग. मागे कुणी नाही. अख्ख्या वाटेवर कुणी नव्हतं."

त्रेसष्ट वर्षांची आमच्या गल्लीतली बाई स्वतःच्या पायांनी चार हजार मीटर चढून उभी होती. छाती इतकी भरून आली होती की मी बसण्णांच्या घराकडे तोंड करून ओरडायच्या बेतात होतो. कसंबसं विचारलं, "एव्हरेस्ट दिसतंय?"

"दिसतंय. सगळं दिसतंय. एक ढग नाही." मग नुसताच वारा ऐकू आला. मला वाटलं फोन तुटला. "पण सांगायला कुणी नाही हो. पासांगला सगळं आधीच माहीत आहे."

मग त्यांनी विचारलं, "शालन उठलीय का?"

शालन पाणी भरत होती. ओल्या हातांनी तिने फोन घेतला आणि अंगणातल्या पायरीवर बसली.

"बाई, मी आहे."

"वही घे."

वही कुठली सापडणार. मी माझ्या एका जुन्या अर्जाची कोरी बाजू तिच्या मांडीवर ठेवली आणि पेन दिलं. पलीकडून वर्गातला आवाज आला, आमच्या भिंतीपलीकडून कधी न ऐकलेला, मोकळा.

"डावीकडून सुरू कर. अगदी टोकाला, फिकट, ती अन्नपूर्णा. लिहिलंस? मग बरीच जागा सोड. आता गौरीशंकर, त्याला दोन टोकं आहेत, तशीच काढ. त्याच्या उजवीकडे नुंबूर, जवळ आहे म्हणून मोठा दिसतो, त्याला भुलू नकोस. आणि आता थोडं मागे, इतरांच्या आडून नुसतं टोक वर आलंय. काळपट. वर बर्फ उडतंय. ते काढ. हळू काढ, घाई नाही."

शालन काढत होती. कागदावर पाण्याचे थेंब पडत होते, ते हाताचे नव्हते.

"काढलंस?"

"काढलं, बाई."

"दिसतंय नीट?"

शालनने मान वर केली. समोर आमची भिंत होती.

"दिसतंय, बाई," ती म्हणाली. "सगळं दिसतंय."