इमारतीचा चेहरा

टण्णकन झाकण पडलं आणि दुपारची शांतता फुटली. पाच वर्षांची निकिता दचकून उठली, म्हणजे धनश्रीची चित्रकलाही संपली. लेक झोपली की रंग, उठली की खिचडी. तिच्या कलेला एवढाच मुहूर्त होता. तिनं ब्रश खाली ठेवून आधी लेकीचं घामेजलं कपाळ पुसलं.

झाकण पाडणाऱ्या सासूबाई, लंकाबाई, चित्रासमोर थिजल्या होत्या. "अगं बया! ही आपली नवी ग्रामपंचायत का मसनवाट?"

उद्घाटनासाठी सरपंचांनीच चित्र मागितलं होतं. धनश्रीनं इमारत पुढं झुकलेली काढली होती, खिडक्या काळ्याभोर, आभाळ लालबुंद. लेकीच्या जन्मापासून अपुऱ्या झोपेत जे साचलं होतं, ते सगळं तिनं त्या भिंतींवर ओतलं होतं. एका तरी माणसाला ते कळावं, एवढीच तिची आस.

"दिसते तशी न्हाई, मनाला वाटते तशी काढलीय, आत्याबाई."

"मनाला वाटतंय ते मनात ठिवावं. सरपंच काय म्हंतील?"

सरपंच बिभीषणरावांनी उद्घाटनाच्या मंडपात चित्रावरचं कापड ओढलं आणि आ वासला. सावरायला त्यांनी ड्रॉइंगचे निवृत्त शिक्षक गोरक्षनाथ सर पुढं केले. सरांनी चष्मा पुसला, मग पुन्हा पुसला. काही कळलं नाही की विद्वान माणूस चष्माच पुसतो.

"काळ्या खिडक्या म्हणजे मिटलेले डोळे. लाल आभाळ म्हणजे क्रोध. एकूण भाव असा, की इमारत रडते आहे."

"रडायला काय झालं तिला? कोटा फरशी घातलीय!" सरपंच गरजले. "आन् झुकलीय कशापायी?"

"ते प्रतीक आहे. पाया खचल्याचं."

'पाया' ऐकताच विरोधी पार्टीचे भिमाजी खाकरले. "सर, पायातलं शिमिट कुनी खाल्लं, तेबी हाय का चित्रात?"

मंडप हसला. सरपंच पेटले. चित्र खोटं ठरवायला त्यांनी तिथल्या तिथं गवंड्याचा ओळंबा मागवला. कलेचा अर्थ दोरीला वजन बांधून लावणारे असे रसिक शोधून सापडायचे नाहीत! गच्चीवरून दोरी सोडली. वर ती भिंतीला टेकली होती. खाली भिंतीपासून चांगली वीतभर लांब लोंबत राहिली.

मंडपातल्या सगळ्या माना दोरीवरून सरपंचांकडं वळल्या. पण बिभीषणराव राजकारणात उगाच टिकले नव्हते.

"बघितलं?" ते छाती काढून म्हणाले. "मुळात डिझाइनच तसं हाय! न्हाईतर गावच्या सूनबाईनं उगं वाकडं काढलं असतं व्हय? चित्र हुबेहूब हाय!"

"मी तेच म्हणत होतो," सर म्हणाले.

टाळ्या कडाडल्या. धनश्रीला शाल मिळाली, नारळ मिळाला. जन्मातला पहिला सत्कार, आणि तोही बरहुकूम नक्कल केल्याबद्दल! लंकाबाई शेजारणीला सांगत होत्या, "मी तर घरीच वळखलं हुतं."

निकिता मात्र चित्राला नाक लावून उभी होती. तिनं भिंतीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं, आणि आईच्या शालीचा काठ ओढला.

"आई, हिला दारच न्हाई. आतलं मानूस भाईर कसं येनार गं?"