लो म्हणजे गप्प

ताप मोजण्यात आता माझा हात धरणारा बेटावर कोणी नाही, हे मी फिजीच्या राजधानीहून, सुवाहून परतताना होडीतल्या सगळ्यांना ऐकवून टाकलं होतं. पिशवीत नवंकोरं यंत्र होतं. अंगाला न शिवता, नुसतं कपाळासमोर धरलं की ताप सांगणारं.

घरी सकेआसीमामा चटईवर पडलेला. समुद्र खवळला होता. ताप खरंच चढला असेल तरच त्याला पलीकडच्या बेटावरच्या दवाखान्यात न्यायचं, नाहीतर आजाराआधी लाटाच त्याला संपवणार. आणि ताप आहे की नाही, यावरच घरात एकमत नव्हतं.

"माझ्या तळहाताला चटका बसतोय," उनाइसीमामी म्हणाली.

"मामी, हाताला आकडे असतात का?" नर्स मेरेओनीने काचेची नळी दाखवली. "काखेत ठेवली होती. ताप नाही."

"काखेत कुठली? चटईवर पडली होती ती. तू चटईचा ताप मोजलास."

"बाजूला व्हा दोघी," मी म्हणालो. मामीने कपाळावरची ओली पट्टी उचलली, मी यंत्र रोखलं.

आकडा आलाच नाही. दोन इंग्रजी अक्षरं उमटली. लो.

आमच्या बोलीत लो म्हणजे गप्प. आवाज न करता.

"कुणाला गप्प म्हणतंय?" मामी कुजबुजली.

मी पुन्हा धरलं. लो. यंत्र बिघडलं असेल म्हणून समोरच्या पत्र्याच्या भिंतीवर रोखलं. तिथे वारलेल्या आजोबांचा फोटो होता. साडेछत्तीस.

"आजोबा ठणठणीत," मेरेओनी हळूच म्हणाली, "आणि मामा गप्प."

पत्रा उन्हाने तापलाय, हे त्या क्षणी कुणालाच सुचलं नाही. खिडकीतून डोकावणारी शेजारीण पळाली आणि थोड्याच वेळात मयताचा लाकडी ढोल वाजू लागला. बायका चटया घेऊन आल्या, शेजारच्या गावाची मोठी इंजिनाची बोटही माणसं भरून आली. सगळे आत येऊन बसले, पण रडेना कोणी. यंत्रानेच गप्प म्हटलेलं. त्या शांततेत फक्त मामाचा श्वास ऐकू येत होता, आणि तोसुद्धा लोक असा ऐकत होते, जणू तिथे आणखी कुणीतरी श्वास घेतंय.

मामाने डोळे उघडले. चटया पाहिल्या. चेहरे पाहिले.

"कोण गेलं?"

पुढे बसलेल्या बाईने ओठांवर बोट ठेवलं.

"अरे, कोण गेलं?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. मामाने सावकाश स्वतःची छाती चाचपली आणि फोटोकडे वळून म्हणाला, "बाबा, तुम्ही तरी सांगा."

"गेलेला माणूस एवढ्या चौकशा करतो का?" मामी ओरडली. तिने त्याच्या कपाळावर हात टेकवला आणि झटकन मागे घेतला. "पेटलाय नुसता! उचला!"

मयताला आलेल्या बोटीतूनच मामाला नेलं, मयताच्याच चटयांत गुंडाळून.

"ताप डोक्यात जायच्या बेतात होता. रात्रभर थांबला असता तर हाती लागला नसता," सलाईन लावून डॉक्टर म्हणाले. "ताप नाही, असं सांगितलं कोणी?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तळहात, काख आणि कपाळ यांतला शास्त्रीय फरक समजावायला लागलो.

"ओल्या कपाळावर धरलंत ना? मग हे आकडा देत नाही," म्हणत डॉक्टरांनी यंत्र घेतलं आणि लाटांनी नखशिखान्त भिजलेल्या माझ्याच कपाळावर रोखलं.

मामीने वाकून पाहिलं.

"लो," तिने वाचलं. "मघाशी ते तुलाच सांगत होतं."