शेवटचं पान आधी

माझी बायको सुशी प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचायची. उभ्यानेच, लायब्ररीच्या काउंटरला टेकून, मागे रांग असली तरी. आमची शेवटची फेरीही तशीच झाली. रावपुऱ्यातल्या घरून चालत कॉलेजच्या लायब्ररीत गेलो, तिने पुस्तक निवडलं, शेवट वाचला, इथल्या गुजरातीत "चालशे" म्हणाली आणि माझ्या पिशवीत टाकलं. त्याच आठवड्यात तिच्या छातीत दुखलं आणि ती गेली.

मी चौथी पास. रेल्वेत फिटर होतो. अक्षरं जुळवेपर्यंत चहा निवतो. म्हणून वाचायची ती, आणि मी शेंगा सोलत ऐकायचो.

ही लायब्ररी आसपासच्या लोकांनाही उघडी आहे. तिथल्या फळ्यावर सारखं काहीतरी नवं लावतात. सुशी ते रेडिओच्या थाटात वाचायची. "ठळक बातम्या! पंखे दुरुस्त झाले. मराठी कपाट वरच्या मजल्यावर हलवलं." मग तिचं मत, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आमच्या गुडघ्यांना विचारलं का कोणी?" कपाट खाली आलं तेव्हा कुठे ती गप्प झाली.

मग दारात लोखंडी पेटी आली. पुस्तक आत टाका आणि चालू लागा. सुशीचं डोकंच फिरलं. "पुस्तक काय कचरा आहे टाकायला? हातात द्यायचं, कसं होतं ते सांगायचं!" पेटीपाशी उभी राहून कॉलेजच्या पोरांना अडवायची, "ए भाई, अंदर जा. बेनना हाथमां आप!" पोरं निमूट आत जाऊन लायब्ररीवाल्या बेनच्या हातात पुस्तक द्यायची.

मी चिडवायचो, "शेवट कळल्यावर वाचतेस कशाला?"

"तुम्ही शेंगा सोला."

ती गेली तेव्हा पुस्तक अर्धं राहिलं होतं. मुदत संपली म्हणून लायब्ररीतून फोन आला. मला कुणाशी बोलायचं नव्हतं. काल गेलो आणि सरळ पेटीत सरकवायला लागलो. लायब्ररीवाल्या हेतलबेन आतून धावत आल्या.

"काका, हातात द्या! नाहीतर काकी मला वढशे, रागावतील."

पुस्तक घेऊन त्यांनी रीतसर विचारलं, "कसं होतं?"

"अर्धंच झालंय. शेवट तुम्हीच सांगा."

त्या जरा घुटमळल्या. "शेवटी म्हातारा मरतो, काका. पण काकींनी तुम्हाला तसं वाचून दाखवलं नसतं."

"म्हणजे?"

"त्या शेवट आधी बघून ठेवायच्या ना. कोणी मरत असेल तर घरी वाचताना त्याला जिवंत ठेवायच्या. म्हणायच्या, आमचे हे रडतात आणि मग जेवत नाहीत."

म्हणजे मी रडतो हे अख्ख्या कॉलेजला ठाऊक! पण तरीच म्हटलं. आमच्या घरी वाचलेल्या एकाही पुस्तकात कोणी मेलं नव्हतं. बुडालेले पोहत काठाला लागायचे, फाशीची माणसं सुटून यायची. मला वाटायचं, मराठी लेखक फार दयाळू आहेत.

"मुदत वाढवून द्या," म्हटलं आणि पुस्तक परत पिशवीत टाकलं.

आज सकाळी चहा झाल्यावर खुणेचं पान उघडलं. ओळीखाली बोट धरलं आणि मोठ्याने वाचायला लागलो. तिच्यासारखं काही जमत नाही. चार ओळी झाल्या असतील, म्हाताऱ्याला ताप भरला.

मी तो उतरवला.