बिननाडीचा धावपटू

"एका महिन्यात बाबांचं हरीण करून दाखवते! नाही केलं तर नाव बदला माझं!" असं ठिणगीने छातीठोकपणे जाहीर केलं. पण तिचं नाव आधीच बदललेलं होतं. काडी न ओढता पेटते, म्हणून ठिणगी!

बापलेक मिळून लाँड्री चालवायचे. मागच्या महिन्यात बाबा एका शर्टाची कॉलर दाबता दाबता जे खाली बसले, ते उठले थेट हॉस्पिटलात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोज चाला. तुमच्या हृदयाला वाटतंय, मालक दुकान बंद करून गेले!"

झालं! ठिणगीने मनगटावरचा पट्टा आणला. पावलं मोजणारा, नाडी बघणारा. मोबाईलवर ग्रुप केला. त्यात ती, बाबा, पलीकडच्या गल्लीतली आत्या आणि बाबांचा लंगोटीयार न्हावीकाका. प्रत्येकाला एक गोल. जेवढं चालाल तेवढं ते हिरवं होणार, आणि सगळ्यांना दिसणार.

आत्याचं गोल भरायचं. न्हावीकाकाचं तर गिऱ्हाइकाच्या खुर्चीभोवती फिरूनच भरायचं. बाबांचं मात्र कडेला जेमतेम हिरवं.

"बाबा, हे गोल आहे की कापलेलं नख?"

"अगं, गुडघा दुखतो."

"समोरच्या बेकरीत जाताना कुठे जातो तो गुडघा?"

आणि मग एका सोमवारी चमत्कार! दुपारच्या आत बाबांचं गोल हिरवंगार. मंगळवारीही. बुधवारीही. "मागच्या गल्लीत चक्कर मारून येतो," म्हणून बाबा मागच्या दाराने जायचे, की इकडे गोल भरायला लागलंच.

"दादा, कमाल आहे तुझी! आजपासून माझी लिफ्ट बंद," आत्याने लिहिलं. न्हावीकाकाने तर सकाळी मैदानावर जायला सुरुवात केली. ठिणगी इस्त्री करता करता डोळे पुसत होती. वाफ गेली डोळ्यांत, असं म्हणत होती.

पण माणूस एकटा हिंडतोय, वाटेत काही झालं तर? गुरुवारी तिने पट्ट्याची आणखी एक सोय चालू केली. नाडी सापडली नाही, की ग्रुपमधल्या सगळ्यांना निरोप!

तासाभरात चारही फोन एकदम किंचाळले, बाबांनी दुकानातच ठेवलेला सुद्धा. 'बाबा वेगाने धावत आहेत. नाडी सापडत नाही.'

ठिणगीने इस्त्री तेवढी बंद केली आणि कुणाची तरी पँट हातात घेऊनच ती मागच्या गल्लीत पळाली. गल्लीत चिटपाखरू नाही! परत आली, तर आत्या दारात. एका पायात चप्पल, दुसरा पाय तसाच.

"दादा कुठाय गं?"

मागोमाग न्हावीकाका. हातात वस्तरा. त्याच्यामागे गळ्यात कापड, अर्ध्या तोंडाला फेस, असा एक अनोळखी माणूस.

"तुम्ही कोण?"

"अहो, माझी अर्धी दाढी राहिलीय! हे पळाले, मी काय करू?"

"पण हा धावतोय कुठे?" न्हावीकाकाला धाप आवरेना.

"फोन म्हणतोय, इथेच! जोरात!" ठिणगीने फोन पुढे केला.

सगळे इकडेतिकडे बघायला लागले. दुकानात धावत होता तो फक्त कपडे वाळवायचा ड्रायर. घर्रर्र ठक, घर्रर्र ठक! ठिणगीने झाकण उघडलं. आत गाठ मारलेला एक मोजा. मोज्यात पट्टा. भाजून निघालेला, अखेरचे श्वास मोजणारा!

तेवढ्यात मागचं दार वाजलं. बाबा! मिशीला क्रीम, हातात अर्धा क्रीमरोल.

"काय झालं? कोण गेलं?"

"तूच!" म्हणून आत्याने भोकाडच पसरलं.

"अगं, सोमवारी पट्टा चुकून ॲप्रनच्या खिशात राहिला होता," बाबा पुटपुटले. "सगळ्या गावाचे खिसे तपासून कपडे आत टाकतो, स्वतःचाच तपासला नाही. गोल भरलं. तुम्ही सगळे एवढे खूश झालात, की खरं सांगवेना. मग रोजच..."

ठिणगी आता फुटणार, म्हणून सगळे दोन पावलं मागे सरले. पण आवाज आला तो अगदी बारीक. "मला वाटलं, तुम्ही परत खाली बसलात."

बाबांनी बहिणीचा अनवाणी पाय बघितला. मित्राची धाप बघितली. पोरीने मुठीत चुरगाळलेली पँट बघितली.

"माझ्यासाठी पळालात एवढे?"

"छे! तुझ्या क्रीमरोलसाठी!" न्हावीकाका म्हणाला आणि त्याने हळूच डोळे पुसले. वस्तरा दुसऱ्या हातात होता, हे नशीब!

बाबांनी क्रीमरोल अर्ध्या दाढीवाल्याच्या हातात दिला. "चला, पोचवतो सगळ्यांना."

आत्याला घरापर्यंत सोडलं, वाटेत तिची चप्पल शोधली. मग न्हावीकाकाच्या दुकानात गेले, उरलेली दाढी होईपर्यंत थांबले, आणि लांबच्या रस्त्याने परत आले. ठिणगी शेजारून चालत होती. गुडघ्याचं कुणी नाव काढलं नाही.

संध्याकाळी सगळ्यांची गोलं हिरवीगार. बाबांचं कोरं; ड्रायरची पावलं ठिणगीने पुसून टाकली होती.

"जन्मात पहिल्यांदा एवढा चाललो, आणि मोजलंच नाही!"

"मोजलंय. मी होते ना बरोबर," ठिणगी म्हणाली. तिने बाबांचा ॲप्रन धुवायला घेतला आणि सवयीने खिसा तपासला.

आत दुसरा क्रीमरोल!

ती ओरडणारच होती. पण दिवसभर पळून तिच्या पोटात कावळे ओरडत होते. तिने तो मुकाट्याने खाऊन टाकला, आणि स्वतःची मिशी नसतानाही दोनदा ओठ पुसले.