अस्वलाचे हसू

जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून सगळे होते. डोंगरापलीकडच्या देशातले ढोल बडवणारे माकड, नदीपलीकडच्या देशातले शेपटी हलवणारे बदक, आणि मधोमध घरच्या कारखान्यातले अस्वल, चावी दिली की टाळ्या वाजवणारे. कारखानदारांची लेक दोन्ही शेजारी देशांतले खेळण्यांचे कारखाने पाहून कालच परतली होती आणि आल्यापासून तिच्या तोंडाला खळ नव्हता.

"बाबा, डोंगरापलीकडे कारखाना एकच, पण केवढा! एका दाराने प्लास्टिक आत जातं, दुसऱ्या दाराने माकडं बाहेर पडतात. नदीपलीकडे सगळं उलटं. कारखाना नावाला, बदकं घरोघरी बायका शिवतात. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी. खेळण्याचा चेहरा दर वर्षी बदलतात. तुम्ही अस्वलाचा कधी बदललात?"

"कशाला बदलायचा? किती गोड हसतंय ते!"

हा चेहरा कारखानदारांनी तरुणपणी स्वतः मातीत कोरला होता आणि त्यावरून साचा पाडला होता. त्या एका अस्वलाच्या जिवावर घर उभे राहिले, लेक शिकली. आता मात्र दुकानदार ते घेताना नाक मुरडत होते. लेकीला नवा साचा हवा होता आणि जुना मोडीत काढायचा होता.

"हातच्या काकणाला आरसा कशाला?" ती म्हणाली. "रविवारी गल्लीतली मुलं बोलावू. ती उचलतील ते खरं. अस्वल हरलं तर साचा मोडायचा."

कारखानदार हो म्हणून बसले आणि मग त्यांचे धाबे दणाणले. एरवी माणूस सरळमार्गी, पण अस्वल म्हणजे त्यांचे थोरले अपत्य. त्यांनी गुपचूप मुलांना लिमलेटच्या गोळ्या वाटल्या. "अस्वल उचला हं," एवढेच म्हणाले. ही बातमी लेकीच्या कानावर गेली. तिने संतापून सगळ्या मुलांना आइस्क्रीम खाऊ घातले आणि बजावले, "खरंच आवडेल तेच उचला." मुलांनी त्याचा अर्थ 'अस्वल सोडून काहीही' असा लावला. आइस्क्रीमचे कळताच कारखानदार केकवर गेले.

"खेळणं निवडताय की आमदार?" बायकोने विचारले.

रविवारी मुले आली, केक संपवला, आणि टेबलाभोवती हाताची घडी घालून उभी राहिली. एकाही खेळण्याला कोणी हात लावेना. शेवटी पुढचे दात पडलेला त्यांचा म्होरक्या म्हणाला, "काका, आम्ही दोघांचंही खाल्लंय. आता एकाचं ऐकलं तर दुसऱ्याशी बेइमानी होईल. म्हणून आम्ही काहीच उचलणार नाही."

कारखानदारांना आपल्या पांढऱ्या केसांची लाज वाटली. लेकही खाली बघू लागली.

"पण हिने कोणाचंच खाल्लं नाहीये," म्होरक्याने मागून एका चिमुरडीला पुढे ढकलले. समोरच्या घरी ती आजच पाहुणी आली होती.

"मग हिचं एकटीचं मत धरायचं," लेक म्हणाली. कारखानदारांनी मान डोलावली.

चिमुरडीने माकडाला ढोल वाजवायला लावला आणि खुदकन हसली. बदकाची शेपटी दोनदा हलवून पाहिली. कारखानदारांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तिने अस्वलाला छातीशी धरले होते.

"बघ! बघ!" ते लेकीवर ओरडलेच. मग वाकून म्हणाले, "का गं बाळा, हेच का घेतलंस?"

"ते रडतंय ना. त्याला कोणीतरी घ्यायला पाहिजे."

लेकीने अस्वल उजेडात धरले, या बाजूने पाहिले, त्या बाजूने पाहिले. "बाबा, खरंच की हो! अहो, दोन्ही देशांत झाडून सगळी खेळणी खदाखदा हसतात. रडवेलं कोणीच बनवत नाही. हा साचा अजिबात मोडायचा नाही. खोक्यावर छापू, 'मला जवळ घ्या.' धडाधड खपेल!"

"मोडून टाका तो साचा!" कारखानदार कडाडले. "हसरं म्हणून बनवलंय मी. रडकं म्हणून विकणार नाही!"

"आता तुम्हीच मोडा म्हणता?"

"तुला काय कळतंय! लग्न झालं त्याच महिन्यात तुझ्या आईला समोर बसवून कोरलंय हे हसू. हुबेहूब तिचं आहे!"

बायको केकच्या बशा गोळा करत होती. तिने त्या खाली ठेवल्या आणि अस्वल हातात घेतले.

"हुबेहूबच आहे," ती शांतपणे म्हणाली. "मला तेव्हा आईची फार आठवण येत होती. तुम्ही म्हणालात, हस. मी आपले ओठ तेवढे ताणले."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या आनंदात कोरत होतात."

साचा मोडायचे पुन्हा कोणी काढले नाही. चिमुरडी अस्वल घेऊन गेली, तिच्या मागोमाग मुले गेली, लेक खोक्याच्या मजकुराला लागली. कारखानदार मात्र खुर्चीत तसेच बसून होते. त्यांनी हळूच विचारले, "आणि आता? आता हसतेस तेव्हा?"

"जन्मभर चेहरेच बनवलेत ना?" बायको समोर येऊन बसली. तिचे ओठ किंचित ताणले गेले होते. "बघा आणि ओळखा."

कारखानदारांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि तिच्याकडे पाहत राहिले. उत्तर द्यायचे धाडस काही त्यांना होईना.