विठ्ठलरावांचे दुधावरचे अकरा दिवस

लेकीचं, दिपालीचं बाळंतपण वणीलाच, तिच्या सासरी करायचं ठरलं, कारण मुकुटबनच्या पलीकडच्या विठ्ठलरावांच्या लहानशा गावातून वेळेवर दवाखाना गाठणं म्हणजे नशिबाचा भाग होता. नातू झाल्याचा फोन आला आणि भागीरथाबाई पंधरा दिवसांसाठी लेकीकडे निघाल्या. ऑटो दारात उभा होता. पिशव्या चढल्या होत्या. विठ्ठलराव ओट्यावर उभं राहून, जणू हे सगळं आपल्याच हुकमावरून चाललं आहे अशा थाटात बघत होते.

"प्रियंकाले सांगून ठेवलं म्या," भागीरथाबाई म्हणाल्या. प्रियंका म्हणजे शेजारच्या गोपालची बायको. "दोन येळा डबा आनून देईन ते."

"डबा? मी काय बिमार हाये का?"

"मंग काय खासान? चहा तरी येते का तुमाले कराले?"

हे वाक्य घरात बोललं गेलं असतं तर विठ्ठलरावांनी ते सोडून दिलं असतं. पण ऑटोवाला हसला. कुंपणापलीकडे गोपालही हसला. विठ्ठलरावांनी कमरेवर हात ठेवले.

"पंधरा दिवस नाई, महिनाभर राह्य! मी भाकर थापतो, भाजी टाकतो, सगळं करतो. आन गोपाल, तुह्या बायकोले सांग, डबा-गिबा काही नोको. माह्या घरी सैपाक होते."

भाकरीचा प्रयोग त्याच दिवशी दुपारी झाला. पीठ आधी हाताला चिकटलं, मग परातीला आणि मग कपाळाला. शेवटी तव्यावर जे काही पडलं, त्याचा अर्धा भाग काळा आणि अर्धा कच्चा निघाला. ते त्यांनी गोठ्यात नेऊन म्हशीपुढे टाकलं. म्हशीनं वास घेतला आणि तोंड फिरवून घेतलं.

पण त्याच म्हशीनं त्यांची अडचण सोडवली. दीड महिन्यापूर्वी ती व्याली होती आणि दोन वेळचं मिळून दहा लिटर दूध देत होती. एरवी ते दूध न्यायला गाडी यायची. पण नाल्यावरच्या पुलाचं काम निघाल्यामुळे ती आठवड्यापासून बंद होती. धार काढणं हे मात्र विठ्ठलरावांना उत्तम जमत होतं. दूध तापवणंही जमलं, म्हणजे दोनदा उतू गेल्यावर जमलं.

मग काय! सकाळी दोन गिलास दूध, वर बोटभर जाड साय. दुपारी वाडगाभर दही, त्यात मूठभर साखर. चार वाजता ताक. रात्री दूध आटवून केलेली बासुंदी. एकदा दूध नासलं, तर त्यांनी ते फडक्यात बांधून पनीर केलं आणि आपल्या अंगात कला आहे याची त्यांना खात्री पटली. विरजणात जास्त झालेलं दही लोणी काढून संपवलं, आणि लोणी चाटून संपवलं. भाकर नाही, भाजी नाही, पालेभाजीचं एक पान नाही. घरात भांडी तेवढी घासावी लागत, बाकी सगळं सुखाचं होतं.

संध्याकाळी सात वाजता भागीरथाबाईंचा फोन यायचा.

"जेवले का?"

"हाव."

"काय केलतं?"

"वांग्याचं भरीत."

दुसऱ्या दिवशी विठ्ठलरावांनी चून-भाकर, म्हणजे पिठलं-भाकरी, सांगितली. तिसऱ्या दिवशी मेथी सांगितली. चौथ्या दिवशी बोलता बोलता सुटलेच ते, आणि पाटोडीचा रस्सा केल्याचं सांगून बसले. बेसनाच्या वड्या थापून, त्या कापून रश्श्यात सोडायच्या, हे भल्याभल्या सुगरणींना जमत नाही.

"फुटल्या नाई वड्या?" भागीरथाबाईंनी विचारलं.

"एकबी नाई."

"मंग मले यायची काही घाई नाई म्हना."

"काहीच नाई! आरामात राह्य."

पाचव्या दिवसापासून पोटानं तक्रार सुरू केली. आधी गुडगुड, मग फुगारा, मग तीन दिवस संडासात जाऊन नुसतं बसून येणं. विठ्ठलरावांनी उपाय म्हणून झोपताना गरम दुधात तूप टाकून घेतलं. आठव्या दिवशी सकाळी एकदाचं पोट मोकळं झालं. जरा हलकं वाटलं म्हणून त्यांनी सहज खाली पाहिलं, आणि त्यांच्या हातातलं टमरेल सुटलं.

रंग गेला होता! जो रंग असायला हवा, तो नव्हता. त्या जागी काहीतरी फिकट, पिवळट, साईसारखं होतं.

असली गोष्ट सांगायची तरी कुणाला? विठ्ठलरावांनी दोन तास विचार केला आणि नाल्यापलीकडच्या तांड्यावर राहणाऱ्या खेमसिंगला फोन लावला. तीस वर्षांची दोस्ती होती. खेमसिंग वीस मिनिटांत हजर झाला. गोठ्यात नेऊन, म्हशीलाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात विठ्ठलरावांनी सगळं सांगितलं.

"डोये दाखव," खेमसिंग म्हणाला. गोठ्यावर पिवळी ताडपत्री होती आणि वर ऊन तापलं होतं. "अरे बाप रे! पिवये हायेत, विठ्ठलभाऊ. एकदम हळदीवानी. कावीय हाये हे!"

"काय बोलून राह्यला तू?"

"माह्या साल्याले झालतं ना. त्याचाबी रंग असाच गेलता. चाल, बस गाडीवर."

खेमसिंगनं त्यांना दवाखान्यात नव्हे, तर दोन गावं सोडून कावीळ उतरवणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे नेलं. म्हाताऱ्यानं पितळेच्या ताटात पाणी घेतलं, विठ्ठलरावांच्या हाताला कसलासा लेप चोळला, हात धुवायला लावले. पाणी पिवळंजर्द झालं.

"माहेबी पाहा ना बाबा," खेमसिंग गंमत म्हणून म्हणाला आणि त्यानं हात पुढे केले. त्याचं पाणी केशरी झालं.

"तुही तं याच्याहून जुनी हाये!" म्हातारा म्हणाला.

आता गंमत संपली. म्हाताऱ्यानं दोघांनाही पथ्य सांगितलं. तेल बंद, तिखट बंद, भाकर पचायला जड म्हणून तीही बंद. "निस्तं दूध, दही, ताक. दुसरं तोंडात टाकाचं नाई."

विठ्ठलरावांना त्या दुःखातही थोडं बरं वाटलं, कारण पथ्य त्यांच्या घरीच तयार होतं. खेमसिंगकडे म्हैस नव्हती. तो रोज सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन यायचा आणि तीन-तीन लिटर दूध-ताक घेऊन जायचा. दोन्ही मित्र गोठ्याबाहेर बाजेवर बसून, एकमेकांच्या डोळ्यांत पाहत, मुकाट्यानं दही खात. विठ्ठलरावांचा रंग मात्र दिवसेंदिवस आणखीच उडत चालला.

अकराव्या दिवशी सकाळी खेमसिंग गावातून धावतच आला. धावताना पोट दोन्ही हातांनी धरलं होतं.

"विठ्ठलभाऊ! माहाबी पांढरा झाला! कावीयच हाये!"

हे त्यानं गोठ्याबाहेरूनच सांगितलं, आणि कुंपणापलीकडे गोपाल दात घासत होता. गोपालनं दात घासणं अर्धवट सोडून चौक गाठला. तासाभरात गावात काविळीची साथ आली. कुणी म्हणालं पाण्याच्या टाकीत काही पडलं, कुणी म्हणालं पाइप फुटला. नळ बंद झाले. घराघरात पाणी उकळायला लागलं. एरवी गावातली माणसं या बाबतीत एकमेकांना काही विचारत नाहीत, पण त्या दिवशी चौकात बसून प्रत्येक जण आपापला रंग उघडपणे सांगू लागला. प्रियंकानं वणीला भागीरथाबाईंना फोन केला.

"मावशी, काका लय सिरीअस हायेत. आन ते खेमसिंग काकाबी."

जावई अक्षयनं ताबडतोब गाडी पाठवली. पुलाच्या बाजूच्या कच्च्या रस्त्यावरून हादरे खात दोन्ही रोगी दुपारी वणीच्या दवाखान्यात पोचले. दारात भागीरथाबाई उभ्या होत्या. केस विस्कटलेले, पदर कसाबसा खोचलेला.

"रोज फोनवर बोलता, आन हे सांगता नाई आलं?"

"तू काळजी करशीन म्हनून..." विठ्ठलराव पुटपुटले.

खेमसिंगला बाकावर बसवून अक्षय सासऱ्यांना आत घेऊन गेला. डॉक्टरीण बाई तरुण होत्या, जेमतेम दिपालीच्या वयाच्या. त्यांनी डोळे पाहिले, जीभ पाहिली, पोट दाबलं. रक्त काढलं. तासाभरानं रिपोर्ट आला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"काका, कावीळ तर दिसत नाहीये. डोळे स्वच्छ आहेत, रक्तही चांगलं आहे. जेवण कसं चालू आहे?"

विठ्ठलरावांनी डाव्या बाजूला पाहिलं. बायको होती. उजव्या बाजूला पाहिलं. जावई होता.

"चांगलं हाये. भाकर. भाजी."

"कोणती भाजी?"

"भरीत... मेथी... पाटोडी."

"मेथी खाऊन एवढा फिकट रंग?" बाईंनी पेन गालाला लावलं. "मग सोनोग्राफी करून घेऊ. पित्ताची नळी कुठे अडली असेल, तर नागपूरला न्यावं लागेल."

नागपूर म्हटल्यावर भागीरथाबाईंचे डोळे भरले. त्यांनी पदर तोंडाला लावला. विठ्ठलरावांनी ते पाहिलं. खरं सांगून टाकावं असं त्यांना फार वाटलं. तोंडही उघडलं. पण अक्षय समोर होता, आणि जावयासमोर 'मले भाकर थापता येत नाई' हे वाक्य काही केल्या बाहेर पडेना. त्यापेक्षा नागपूर बरं, असं वाटण्याइतका तो माणूस अभिमानी होता.

"बरं, नेमका रंग कसा आहे ते सांगा," डॉक्टरीण बाई म्हणाल्या. "लाजू नका."

विठ्ठलराव खूप लाजले. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. मग तपासणीच्या टेबलासमोर लावलेल्या पडद्याकडे बोट दाखवलं.

"असा. याच्याहून थोडकसा पिवया."

भागीरथाबाईंनी डोळे पुसले. पडद्याकडे पाहिलं. उठल्या, जवळ गेल्या, पडदा दोन बोटांत धरून उजेडात नेला.

"आन त्यात फुटक्या दह्यावानी गाठी असतीन ना?"

"हाव," विठ्ठलराव आश्चर्यानं म्हणाले. "तुले कसं समजलं?"

"अवं माय! मी तं हा रंग रोज धुऊन राह्यली! आठ-आठ खेपा!" भागीरथाबाई गर्रकन वळल्या. "हा माह्या नातवाचा रंग हाये, डाक्टरीन बाई. लंगोट पाहा पाह्यजे तं. ते लेकरू दुधाबिगर काहीच घेत नाई, म्हनून तसा रंग असते. पन तुमी? दिपालीचे बाबा, तुमी काय पेऊन राह्यले?"

विठ्ठलराव पडद्याकडे पाहत राहिले.

"दूध," ते म्हणाले.

"आन?"

"दही. ताक. बासुंदी. थोडकसं लोनी."

"किती दिवसापासून?"

"तू गेली तवापासून."

अक्षय काहीतरी आठवल्यासारखं करून खिडकीशी गेला. त्याचे खांदे हलत होते. डॉक्टरीण बाईंनी खेमसिंगला आत बोलावलं आणि तुम्ही काय खाता, असं विचारलं.

"दूध, दही, ताक," खेमसिंग हात जोडून म्हणाला. "विठ्ठलभाऊच्या इथूनच नेतो. वाचीन ना मी, बाई?"

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि तोंडावर हात धरून हसू आवरलं. मग त्यांनी समजावून सांगितलं. नुसतं दुधातुपावर राहिलं, चोथा असलेलं काहीच पोटात गेलं नाही, तर पोट फुगतं, जड होतं आणि रंगही फिका पडतो. उद्यापासून भाकर, वरण, पालेभाजी, भरपूर पाणी. दूध दिवसाला एक कप. "चार-पाच दिवसांत रंग परत आला नाही, तर मात्र लगेच या. तेव्हा मी सोनोग्राफी सोडणार नाही. आणि हात धुवून कावीळ बघणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका."

गाडी गावाकडे निघाली तेव्हा खेमसिंग पुढे ड्रायव्हरजवळ बसला होता. आपल्याला कावीळ नाही हे तो फोनवर एकेका नातेवाइकाला कळवत होता. भागीरथाबाई मागे विठ्ठलरावांच्या शेजारी बसल्या होत्या. त्यांची पिशवीही गाडीत होती.

"तू कायले येते?" विठ्ठलराव म्हणाले. "तिकडं तुही गरज हाये. इकडं प्रियंका डबा देईन मले."

"कोनाले गरज हाये?" भागीरथाबाई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या. "इहीनबाई सैपाकघरात पाय नाई ठेवू देत मले. लेकरू त्यायच्याच मांडीवर. मी निस्ते लंगोट धुवत होती. तिसऱ्या दिवसापासूनच घराची याद येत होती. रोज सात वाजता फोन करो, म्हनो आज हा मानूस म्हनन का भागे, ये आता. तं तुमी पाटोडी ऐकवत होते. मंग काय तोंड घेऊन येऊ मी?"

वणी मागे पडली. कोळशाचे ट्रक एकामागून एक समोरून गेले. मग विठ्ठलराव काहीतरी पुटपुटले.

"काय म्हनलं?"

"मले... करमत नवतं."

"गाडीचा आवाज हाये. मोठ्यानं बोला."

"अवं, मले करमत नवतं तुह्याबिगर!" विठ्ठलराव ओरडले.

नेमक्या त्याच क्षणी ड्रायव्हरनं गतिरोधकासाठी गाडी जवळजवळ थांबवली होती. पुढे खेमसिंगनं फोन कानापासून दूर धरला. "विठ्ठलभाऊ बोलून राह्यला," त्यानं फोनवर खुलासा केला. "तब्येत चांगली हाये त्याची."

भागीरथाबाईंनी पदर नीट केला, चेहरा खिडकीकडे वळवला आणि त्याही हळूच काहीतरी बोलल्या. विठ्ठलरावांना ते ऐकू आलं नाही. पण मोठ्यानं बोल, असं बायकोला म्हणायची त्यांची काही हिंमत झाली नाही.