कोंडीभाऊंचा एकुलता एक दात

कोंडीभाऊंना माणूस भेटला की ते आधी त्याच्या तोंडात बघतात. ख्यालीखुशाली नंतर. निवृत्त होऊन मी पुण्याहून घोडेगावच्या पुढं, डिंभ्याच्या रस्त्यावरच्या आमच्या गावी परतलो, तेव्हा शेजारच्या ओट्यावरून त्यांनी माझं स्वागत केलं ते असं, "राव, डाव्या अंगाच्या दोन दाढा कुठं ठिवून आलास?"

दोष त्यांच्या तरुणपणाचा. बेल्ह्याच्या बैलबाजाराला निघालेला माणूस आधी कोंडीभाऊंना सोबत घ्यायचा. ते अंगठ्यानं बैलाचा खालचा ओठ ओढायचे आणि वयाचा निकाल द्यायचे. सगळे दुधाचे दात असले तर आदत, दोन पक्के आले की दुसा, चार आले की चौसा, सगळे भरले की जुळला. विकणारा शपथा घ्यायला लागला की म्हणायचे, "तुझं त्वांड मिट, मला बैलाचं बघू दे."

बाजार सुटला, सवय काही सुटली नाही. माझ्या धाकट्या बहिणीला बघायला पाहुणे आले होते. चहा झाला, गप्पा रंगल्या, आणि कोंडीभाऊ मुलाजवळ सरकले. "पावणं, जरा हसा." तो बिचारा हसला. यांनी थेट त्याचा ओठ उचलून आत डोकावलं! "अक्कलदाढ आली न्हाई अजून. वरीसभर थांबा." आमच्या वडिलांना कुठं तोंड लपवावं कळेना. लग्न झालं म्हणा, पण मेहुणा आजही कोंडीभाऊंसमोर तोंड मिटून बसतो.

आळीत आता सगळी घरं स्लॅबची. कौलं उरली ती फक्त कोंडीभाऊंच्या घरावर. त्यामुळं आळीतल्या पोरांचे पडलेले दात तिथंच जातात. लहानपणी माझेही तिथंच गेले. आम्ही दात मुठीत धरून त्यांच्या अंगणात उभं राहायचो आणि ते ओरडायला लावायचे, "उंदरा उंदरा, माझा दात तुला, तुझा दात मला!" हळू म्हटलं तर पुन्हा म्हणावं लागे. दात कौलावर टकटक वाजत जायचा आणि जीभ हिरडीतल्या त्या मऊ, खारट खळग्यात फिरत राहायची. काय दिवस होते! ते अंगण दिसलं की माझी जीभ आजही आपोआप पुढं जाते.

"पण भाऊ, उंदराकडंच का मागायचा?" मी एकदा विचारलं.

"मग काय बैलाकडं? त्याला वरचं म्होरचं दातच नसत्यात. हत्तीच्या दाढा झिजल्या की नव्या येत्यात, पन त्यो माझ्या कौलावर चढंल का? उंदराचा दात मरस्तवर वाढतोय. कुरतडला न्हाई तर त्याचं त्यालाच त्वांड मिटता यायचं न्हाई. ज्याच्याकडं लई हाय त्याच्याकडं मागावं. आपल्याला देवानं एकदाच बदलून दिलं."

खुद्द कोंडीभाऊंच्या तोंडात मात्र एकच दात उरला होता, खालचा, पुढचा. त्याला ते 'कारभारी' म्हणत. कारभारी भाकरीच्या प्रत्येक घासाला डुलायचा. चाकणला कंपनीत असलेला मुलगा संतोष त्यांना कवळी बसवायला घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, आधी हा काढावा लागेल. कोंडीभाऊ खुर्चीवरून उठले ते थेट एसटी स्टँडवर. "शेवटचा गडी हाय. त्याला काढून परका घरात घिऊ व्हय?"

वहिनी गेल्यापासून ते घरात एकटेच. संतोषच्या मुलीचा, आर्वीचा, रविवारी व्हिडिओ कॉल येतो, तो त्यांचा सण. तिचा वरचा दात हलायला लागला तेव्हा ते फोनमध्ये ओरडले, "पडला की घिऊन ये बाय! आपुन कौलावर टाकू." अंगणसुद्धा सारवून ठेवलं. पण दात पडला शाळेत, डबा खाताना, आणि केरात गेला. कोंडीभाऊ त्या दिवशी जेवले नाहीत.

त्यात नवा दात लवकर येईना. महिने गेले, खिंड तशीच. वर्गातली पोरं 'बोळकी' म्हणून चिडवायची, आर्वी फोनवरही तोंडावर हात धरून बोलायची. डॉक्टर म्हणाले, येईल, कुणाला उशिरा येतो. कोंडीभाऊंना ते पटेना. "यील कसा? पोरीनं मागितलाच न्हाई."

यात्रेला आर्वी गावी आली. कोंडीभाऊंनी तिला ओट्यावर बसवलं आणि अंगठ्यानं हलकेच तिचा ओठ वर केला. हिरडीतून तांदळाच्या कणीएवढं पांढरं टोक आलं होतं. "आला गं आला!" म्हणत ते तोंडभर हसले, आणि मला दिसलं की कारभारी जागेवर नव्हता.

आर्वी अंगणात आळीतल्या पोरींबरोबर खेळायला धावली. हात तोंडावर नव्हता, खळखळून हसत होती. मी हळूच विचारलं, "भाऊ, कारभारी कुठाय?"

त्यांनी कौलांकडं बघितलं.

"तिचा केरात गेला व्हता. मग उंदराला द्यायचं काय? दोरा बांधला न् वढला."

मीही कौलांकडं बघितलं. "आणि ओरडलात?"

"मग! नेमीपरमानंच. म्हनलं, माझा दात तुला. फकस्त म्होरं सांगितलं, तुझा मला नको बाबा, आमच्या आर्वीला दे."